अष्टकोनी चॅपलचं मॉडेल (हेप्टनस्टॉल, १७६४ आणि १८०२): कामाच्या नोंदी

१८ जानेवारी, शनिवार

आजपासून लिहायला घेतलंय. कुणाला असलं काही करायचं असेल तर माझे पैसे आणि वेळ कुठे गेला ते तरी कळेल.

काय करतोय: वेस्ट यॉर्कशरमधे हेब्डन ब्रिजच्या वर डोंगरावर हेप्टनस्टॉल नावाचं गाव आहे, सगळं काळपट दगडाचं, पूर्वी हातमागावर लोकर विणणाऱ्यांचं. तिथे १७६४ सालचं मेथडिस्टांचं (हा अठराव्या शतकात इंग्लंडमधे निघालेला ख्रिस्ती पंथ) अष्टकोनी चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनामंदिर, आहे आणि ते अजून वापरात आहे. गावात बरेच लोक सिल्विया प्लाथ या अमेरिकन कवयित्रीची कबर बघायला येतात आणि चॅपलवरून तसेच पुढे निघून जातात. आम्ही लीड्सला राहतो, तिथून ट्रेनने हेब्डन ब्रिज आणि मग चढ. चढ म्हणजे अक्षरशः चढ, गुडघे कुरकुरत असतील तर बसने जा.

मॉडेल एकच, पण दोन अवस्थांत दाखवायचंय. पहिली १७६४ ची, म्हणजे नियमित अष्टकोन. दुसरी १८०२ ची, जेव्हा जागा पुरेना म्हणून एका टोकाची भिंत पाडली, बाजूच्या भिंती लांबवल्या आणि टोक परत तसंच अष्टकोनी बांधून घेतलं. त्यामुळे आजची इमारत ताणलेला अष्टकोन आहे. मधला तुकडा काढता-घालता येईल असं मॉडेल हवंय, कारण माझ्या मते या इमारतीची सगळी गंमत त्या मधल्या तुकड्यातच आहे.

मी डिप्लोमा सिव्हिलचा, मूळ नगरचा. अष्टकोनाचं वेड तिकडूनच आलंय. डोंगरावरचा चांदबीबी महाल (खरं तर ती दुसऱ्या सलाबत खानाची कबर) अष्टकोनी, फराहबागही अष्टकोनी. आणि नगरच्या माणसाला चॅपल ही काही परकी गोष्ट नाही, अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून आमच्याकडे आहे आणि ते काँग्रिगेशनल, म्हणजे याच नॉनकन्फॉर्मिस्ट (सरकारी इंग्लिश चर्चच्या बाहेरच्या) गोतावळ्यातलं. रेव्हरंड टिळक (कवी ना. वा. टिळक) त्याच मिशनचे. असो, लाकूड आणि पुठ्ठ्याकडे वळू.

२५ जानेवारी

मापं. आत टेप लावून मोजायची परवानगी वगैरे मागत बसलो नाही, कारण मला इमारतीचा हुबेहूब सर्व्हे नकोय, प्रमाण हवंय. आणि प्रमाण आयतं मिळालं. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने आपल्या लोकांना प्रवचनघरं कशी बांधायची याचे नियमच लिहून दिले होते, मेथडिस्टांच्या ‘मिनट्स’मधे (परिषदेच्या कामकाजाच्या नोंदींत) ते छापलेत. सरकारी खात्याचं स्पेसिफिकेशन वाचायची सवय असलेल्या माणसाला वाचून फार बरं वाटतं, एकही शब्द जास्तीचा नाही.

थोडक्यात: जमीन परवानगी देत असेल तिथे अष्टकोनच बांधा, आवाजासाठी तोच सगळ्यात चांगला. छताची (वळचणीपासून टोकापर्यंतची) उंची इमारतीच्या रुंदीच्या एक तृतीयांशच ठेवा, हेच खरं प्रमाण. दारं-खिडक्या भरपूर ठेवा आणि खिडक्या खाली सरकणाऱ्या सॅश (सरकत्या चौकटीच्या). बाकांना पाठ नको. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, मधे कठडा. पुलपिट (प्रवचनकाराचा उंच ओटा) पिंपासारखं गोल नको, पुढे आलेलं चौकोनी हवं आणि मागे लांब बैठक. आणि सगळ्यात भारी कलम पैशाचं: इमारत साधी आणि नीटनेटकी ठेवा, टाळता येणार नाही एवढाच खर्च करा, नाहीतर श्रीमंतांची गरज पडेल, मग त्यांच्यावर अवलंबून राहाल आणि शेवटी तेच तुमच्यावर राज्य करतील. आपल्याकडच्या कुठल्याही देवस्थान ट्रस्टच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे.

वेस्लीला अष्टकोन आवडला कुठून तर नॉरिचमधून. तिथे टॉमस आयव्हरीने १७५६ ला प्रेस्बिटेरियनांसाठी (हा आणखी एक ख्रिस्ती पंथ) ऑक्टॅगॉन चॅपल पुरं केलं, वेस्लीने ते १७५७ मधे बघितलं, भारावून गेला, आणि लगेच म्हणाला की बाकांच्या दारांच्या कड्यासुद्धा घासलेल्या पितळेच्या असलेल्या जागी जुनी खडबडीत सुवार्ता शिरणार कशी. त्यातला आकार उचलला आणि पितळ सोडून दिलं. १७६१ ला रॉदरहॅम, मग यार्म, हेप्टनस्टॉल, ब्रॅडफर्ड, स्कॉटलंडमधे आर्ब्रोथ असे मेथडिस्टांचे अष्टकोन होत गेले.

ठरलं ते असं: मॉडेलची रुंदी (समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं अंतर) २४ सेंमी. छत वेस्लीच्या नियमाने. खिडक्यांच्या दोन ओळी, खालची हॉलची, वरची गॅलरीची (आतल्या सज्जाची). आतलं आजचं फर्निचर घेतलंच नाही, आत सगळं ‘मिनट्स’प्रमाणे.

२ फेब्रुवारी, रविवार

भिंती. ज्यांना आकडे हवेत त्यांच्यासाठी: अष्टकोनाची एक बाजू = रुंदी × ०.४१४२. माझी २४ ची रुंदी, म्हणजे बाजू ९.९४ सेंमी. आतला कोन १३५ अंश, म्हणजे प्रत्येक कडेला २२.५ अंशाचा उतार द्यायचा (बेव्हल), दोन्ही मिळून ४५.

ग्रेबोर्ड (जाड राखाडी पुठ्ठा) २ मिमी घेतला, ए-२ चे शीट, पाच शीटना ११ पौंड. कटरने सरळ कापणं सोपं, उतारात कापणं म्हणजे वैताग, पट्टी सरकते आणि कड लाटेसारखी येते. शेवटी उतार कापायचा नादच सोडला. भिंती सरळ कापल्या आणि लाकडाच्या ठोकळ्याला २२.५ चा कोन देऊन त्यावर सँडपेपर चिकटवला, त्यावर कड घासली. दर भिंतीला अर्धा मिनिट लागतं आणि सगळ्या सारख्या येतात. ठोकळ्याचा कोन मात्र मन लावून करा, अर्धा अंश चुकला तरी तो सोळा कडांवर मिळून ८ अंश होतो आणि शेवटची भिंत बसत नाही.

चिकटवताना आठही भिंती उताण्या पाडून बाहेरून मास्किंग टेप लावला, सगळा पट्टा उलटा केला, फटींत फेविकॉल (इथे पीव्हीए म्हणून मिळतो) भरला आणि गोल वळवून बंद केला. ही युक्ती मात्र शंभर टक्के चालते.

९ फेब्रुवारी

दगडाचं काम आणि पहिली मोठी बोंब.

आधी हवेत वाळणारी माती लावून बघितली, एका सुट्या तुकड्यावर. छान दिसली, दगडांच्या रेघा मस्त उठल्या. सकाळी बघतो तर माती आकसलेली आणि पुठ्ठा केळीच्या पानासारखा आत वळलेला. माती रद्द, ६ पौंड गेले.

मग ३ मिमीचा एक्सपीएस फोम घेतला (ते दाट, गुळगुळीत असतं ते, थर्माकोल नाही). त्यावर बोथट पेन्सिलने दगडांचे थर ओढायचे आणि अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा करून वरून दाबायचा, की वाळूच्या दगडाचा खडबडीतपणा येतो. हे जबरदस्त जमलं. पण आठही तुकडे भिंतीच्याच मापाचे, ९.९४ चे कापले होते. फोम भिंतीच्या बाहेर ३ मिमी येतो, म्हणजे रुंदी २४ ची २४.६ होते आणि बाजू १०.१९. प्रत्येक कोपऱ्यात अडीच मिमीची फट! कागदाच्या पट्ट्या लावून कोनाचे दगड म्हणून खपवता आलं असतं, पण डोळ्यात खुपत राहिलं असतं. सगळे तुकडे परत कापले. बाहेरून काही लावणार असाल तर आधी त्याची जाडी धरून बाहेरचा अष्टकोन कागदावर काढा आणि मगच कटर हातात घ्या.

फोमच्या तुकड्यांच्या कडाही त्याच ठोकळ्यावर घासायच्या, पण अगदी हलक्या हाताने, दाबलं की दाणे निघतात.

२२ फेब्रुवारी

रंग. दोन गोष्टी झाल्या.

एक. मातकट रंगाचा स्प्रे प्रायमर होता घरात, सुट्या फोमवर मारला आणि फोम डोळ्यांदेखत विरघळला. स्प्रेच्या डब्यातलं सॉल्व्हंट एक्सपीएस खातं. नशीब, मुख्य मॉडेलवर मारला नव्हता. ब्रशने अॅक्रिलिक लावा, त्यात थोडा फेविकॉल घाला म्हणजे फोमवर कातडं धरतं.

दोन. फोटो समोर ठेवून भिंती काळपट राखाडी केल्या, आज तिथे सगळं गाव तसंच दिसतं. जवळजवळ संपत आलं तेव्हा मुलगी म्हणाली, बाबा, हे तर तुम्ही म्हणता सतराशे चौसष्टचं आहे ना, मग इतकं जुनं कसं दिसतंय. बरोबर आहे तिचं. हा काळा रंग दगडाचा नाही, काजळीचा आहे. खाली दरीत कोळशावरच्या गिरण्या आल्या, चिमण्या आल्या, त्याचा थर बसला, आणि ते सगळं पुढच्या शतकातलं. नवा फोडलेला ग्रिटस्टोन (इथला भरड वाळूचा दगड) पिवळसर, मधाच्या रंगाकडे झुकणारा असतो. म्हणून परत रंगवलं, पिवळट तपकिरी बेस आणि वरून अगदी पातळ राखाडी पाणी, सांध्यांत बसेल एवढंच. दोन संध्याकाळी त्यात गेल्या पण आता मॉडेल नव्या बांधकामासारखं दिसतं, आणि ते जास्त खरं आहे.

८ मार्च

खिडक्या. अॅसिटेटची पारदर्शक शीट, त्यावर पांढऱ्या अॅक्रिलिकने बारीक पट्ट्या. ब्रशने रेघ सरळ येत नाही, रुलिंग पेनने येते. ड्रॉइंगच्या जुन्या डब्यातलं ते चिमट्यासारखं पेन कुणाकडे असेल तर टाकू नका. रंग दुधाएवढा पातळ करून भरायचा.

सॅश दाखवायची तर दोन वेगळे तुकडे हवेत, वरचा तुकडा बाहेर, खालचा किंचित आत. वेस्लीच्या नियमात खाली सरकणारी सॅश आहे, म्हणून दोन खिडक्यांची वरची सॅश अर्धी खाली उतरवून चिकटवली. हवा वरून यावी आणि बसलेल्यांच्या अंगावर थेट वारा येऊ नये हा हेतू असावा असं मला वाटतं. भरल्या हॉलमधे ते फार शहाणपणाचं आहे.

खिडकी सुपरग्लूने लावू नका!! त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी धरते, काच दमट झाल्यासारखी दिसते आणि पुसून जात नाही. खालच्या ओळीतल्या सगळ्या गेल्या. फेविकॉलचे ठिपके लावा, वाळला की दिसतही नाही.

१५ मार्च

छत. याचीच वाट बघत होतो.

या छताबद्दल एक गोष्ट आधी सांगतो. हेप्टनस्टॉलचं मूळ छत गावात बनलंच नव्हतं. ते रॉदरहॅमला केलं, जिथे आधीचा अष्टकोन उभा होता, आणि तुकड्या-तुकड्यांत घोड्यांच्या पाठीवर लादून डोंगरातून आणलं. सरळ रेषेतसुद्धा हे अंतर ५० किलोमीटरच्या वर आहे, आणि वाट म्हणजे दगडी पायवाट. मला हे आधी नुसतं कौतुकाचं वाटलं होतं. स्वतः कापायला बसल्यावर कळलं की हे अष्टकोनामुळेच परवडतं: आठही पाखी (छताचे उतार) सारखी, आठही कोपऱ्यांतले वासे सारखे, एक साचा केला की काम संपलं, आणि साइटवर कुठला तुकडा कुठला याचा गोंधळ नाही. हा माझा अंदाज आहे, पण ज्याने एकदा असं छत केलंय त्याला दुसरं करायला सांगणं हे अगदी कंत्राटी डोकं आहे, आणि ते डोकं कुणाचं का असेना, मला आवडलं.

आकडे. वळचणीसाठी भिंतीबाहेर ५ मिमी काढले, म्हणजे छताची रुंदी २५.६. एक तृतीयांश उंची = ८.५३. एका पाखाचा त्रिकोण: पाया १०.६, उभी उंची १५.४, तिरकी कड १६.३ सेंमी. वरचा कोन ३८ अंश. आठ त्रिकोण एकाच शीटवर पंख्यासारखे आखले तर ३०४ अंश होतात, उरलेले ५६ कापून टाकायचे, सात रेघांवर अर्धं कापून वळवायचं आणि एकच सांधा चिकटवायचा. चढ ३३.७ अंश. पाख्यांची टोकं वर एकत्र येतात ती मोदकाच्या कळ्यांसारखी, तिथेच कागद सगळ्यात जाड होतो आणि फुगतो, म्हणून टोकाचे ३ मिमी आधीच कापून टाका आणि वर छोटा ठोकळा बसवा.

नुसतं पुठ्ठ्याचं छत करून थांबलो असतो तर चाललं असतं. पण मला सांगाडा हवा होता.

२९ मार्च

उद्या पाडवा, श्रीखंडाचं दही टांगलंय आणि डायनिंग टेबलवर बासवुडच्या (मॉडेलसाठीचं हलकं, मऊ लाकूड) काड्या पसरल्यात, त्यामुळे घरात वातावरण नाजूक आहे.

सांगाडा: आठ कोपऱ्यांतून आठ वासे (४ × ४ मिमी), वर मधोमध एका अष्टकोनी ठोकळ्याला टेकलेले. सुंदर दिसतं. बोटाने वरून जरा दाबलं आणि भिंती वरच्या बाजूला फाकल्या, एका कोपऱ्याचा फेविकॉल सुटला.

अर्थात. वासे तिरके आहेत, वरून भार आला की ते खालच्या टोकाला बाहेर ढकलतात. चौकोनी इमारतीत आपण भिंतीपासून भिंतीपर्यंत तुळई टाकतो आणि ती ताण घेते. इथे तुळई टाकली तर एक नाही, आठही कोपऱ्यांसाठी चार तुळया मधे एकमेकींना छेदणार. मग दुसरा मार्ग केला: भिंतीच्या डोक्यावर सलग लाकडी पट्टी फिरवली आणि कोपऱ्यांत सांधे पक्के केले, म्हणजे कडंच. आठ बाजूंनी आठ वासे सारखंच ढकलतात, कडं सगळीकडे सारखंच ताणलं जातं आणि सगळं आपापसात मिटतं. लाकडी पट्टी बसवायच्या आधी नुसता दोरा बांधून बघितला, वर पाण्याची भरलेली बाटली ठेवली, काही झालं नाही. दोरा कापला, लगेच कोपरा उघडला. मुलीला हे इतकं आवडलं की परत परत करून दाखवायला लावलं, त्यात दोन वासे मोडले.

मूळ छतात नक्की कसली जोडणी आहे ते मी आत चढून बघितलेलं नाही, हे माझ्या मॉडेलचं गणित आहे. पण अष्टकोनात भार कुठे जातो ते याने हातालाच कळतं.

बासवुड १४ पौंड.

१२ एप्रिल

स्लेट. इथल्या डोंगराळ भागातली जुनी छपरं पातळ निळ्या वेल्श स्लेटची नसतात, जाड वाळूच्या दगडाच्या फरश्यांची असतात, प्रचंड जड. आणि त्या एका मापाच्या नसतात: वळचणीला सगळ्यात मोठ्या, आढ्याकडे जाताना लहान लहान. खाणीतून जे निघेल ते वाया जाऊ द्यायचं नाही आणि जड दगड भिंतीजवळ ठेवायचा, असं दुहेरी शहाणपण.

जाड ड्रॉइंग पेपरच्या पट्ट्या, सगळ्यात खालची ९ मिमी, सगळ्यात वरची ४, आणि मधल्या हळूहळू कमी होत जाणाऱ्या. प्रत्येक पट्टीला खालून कात्रीने चिरा द्यायच्या, अनियमित. खालून वर चिकटवत जायचं. वरच्या ओळीचा सांधा खालच्या ओळीच्या सांध्यावर आला नाही पाहिजे, नाहीतर खऱ्या छपरात तिथून पाणी जातं आणि मॉडेलमधे ते लगेच खोटं दिसतं.

पट्ट्यांना फेविकॉल जास्त लागला आणि पुठ्ठा वळला. उपाय: पाख्याच्या आतल्या बाजूलाही तेवढाच फेविकॉल आणि कागद लावा, दोन्हीकडून ओढलं गेलं की सपाट राहतं. हे आधी केलं असतं तर एक पाखं फेकावं लागलं नसतं. हे काम कंटाळवाणं आहे, क्रिकेटचे हायलाइट्स लावून बसा.

२७ एप्रिल, रविवार

आता १८०२.

मॉडेल मधोमध कापायचं. हात थरथरला हे खरं. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या बरोब्बर मध्यातून कापलं, म्हणजे प्रत्येक अर्ध्यात तीन पूर्ण भिंती आणि दोन अर्ध्या. मधे ९ सेंमीचा तुकडा घालायचा. ९ हा आकडा फोटोंवरून डोळ्याने घेतलेला आहे, त्याला प्रमाण मानू नका.

कापल्या-कापल्या दोन्ही अर्धी उघडली. म्हणजे कडं तुटलं! महिनाभर ज्या कड्याच्या जिवावर छत उभं होतं ते मीच कापलं, आणि १८०२ च्या गवंड्या-सुतारांपुढेही हाच प्रश्न असणार. आठ बाजूंनी एकमेकांना तोलणारं छत आता दोन अर्धवट तुकडे झालं, मधे सरळ भाग आला, आणि सरळ भागात वासे दोन्हीकडच्या लांब भिंतींना नुसतं बाहेर ढकलतात, त्यांना समोरून तोलणारं कुणी नाही. कडं परत सलग केलं तरी लांब सरळ बाजूला ते बाहेर फुगतं. दोरा बांधून बघितला, फुगला.

त्यामुळे कापलेल्या दोन्ही जागी आडवी तुळई आणि वर त्रिकोण, म्हणजे साधा ट्रस, द्यावाच लागला. मधल्या तुकड्याला वर आढं आलं, ९ सेंमी लांब, जिथे आधी एक टोक होतं. मधल्या दोन पाख्यांचा त्रिकोणाचा समलंब चौकोन झाला (पाया १९.६, माथा ९). म्हणजे एकदा लांबवलं की अष्टकोनी छताचा जो फायदा होता, आठ सारखे तुकडे आणि मधे अडथळा नाही, तो गेला, आणि तुम्ही आपलं नेहमीचं ट्रसचं छत करताय ज्याची फक्त टोकं अष्टकोनी आहेत.

दुसरी गोष्ट आवाजाची. पुलपिट एका भिंतीला लावलं तर १७६४ च्या आकारात सगळ्यात लांबचा माणूस २४ सेंमीवर (मॉडेलच्या). लांबवल्यावर ३३ वर. ज्या कारणासाठी हा आकार निवडला त्याच कारणाला थोडा धक्का. पण लोक मावत नव्हते, आणि मावत नसलेल्या लोकांना बाहेर उभं करून आकार शुद्ध ठेवण्यात काय अर्थ होता. त्यांनी बरोबर केलं असं माझं मत. नवीन चौकोनी इमारत बांधणं सरळ होतं, तरी टोक परत अष्टकोनीच केलं, यात गावाचा हट्ट दिसतो.

वेस्लीने स्वतः १७७८ मधे लंडनला सिटी रोडवर आपलं मोठं चॅपल उघडलं ते चौकोनीच. माझ्या हिशोबाने एक कारण हेच, चौकोनाची एक भिंत पाडून पुढे सरकवता येते. अष्टकोन वाढवायला गेलं की आधी तो मोडावा लागतो.

१० मे

आतलं काम आणि जोडणी.

गॅलरी: ग्रेबोर्डची, दर अर्ध्यात वेगळी, मधल्या तुकड्यात वेगळी. खाली ३ मिमीच्या गोल काड्या खांब म्हणून. बाकांना पाठ नाही, नियमाप्रमाणे, त्यामुळे काम फार सोपं झालं, नुसत्या पट्ट्या आणि पाय. मधे कठडा. बायको म्हणाली एवढा वेळ पाठ न टेकता प्रवचन ऐकायचं म्हणजे झोपणाऱ्यांची सोयच नाही. पुलपिट चौकोनी, मागे लांब बैठक. पहिलं पुलपिट सवयीने गोल केलं होतं, पिंपासारखं, नेमकं जे नको म्हटलंय ते, दुसरं केलं.

लोहचुंबक: ५ मिमीचे गोल, प्रत्येक सांध्यावर चार, ८ पौंड. दोन्ही अर्धी एकमेकांना थेटही चिकटली पाहिजेत आणि मधल्या तुकड्यालाही. म्हणजे एका अर्ध्याच्या कापावर सगळे उत्तर बाहेर, दुसऱ्याच्या कापावर सगळे दक्षिण बाहेर, आणि मधल्याच्या दोन बाजू त्याच्या उलट. मार्करने खुणा करूनच चिकटवा. ट्रसच्या तुळईतच खाचा करून बसवलेत, त्यामुळे बाहेरून दिसत नाहीत. तुळई सांध्यावर येत असल्याने १७६४ च्या अवस्थेतही मॉडेलमधे दोन तुळया जवळजवळ चिकटलेल्या दिसतात, हा इतिहासाशी खोटेपणा आहे पण त्याशिवाय अर्धी उभी राहत नाहीत. लेबलवर तसं लिहिणार आहे.

सांध्यावर स्लेटच्या ओळी जुळत नाहीत, दीड-दोन मिमी फरक आहे. जुळवायच्या असतील तर आधी तिन्ही तुकड्यांची छपरं करा, एकत्र जोडा आणि मग सगळ्यांवर एकदम स्लेट लावून ब्लेडने सांध्यावर चिरा. मी उलट क्रमाने केलं. आता लांबच्या अवस्थेत जोड दिसतो. खऱ्या इमारतीतही जुनं-नवं बांधकाम शोधत लोक फिरतातच, म्हणून तसंच ठेवलं.

एकूण खर्च: पुठ्ठा ११, वाया गेलेली माती ६, फोम ९, रंग आणि ब्रश १७, अॅसिटेट ५, बासवुड १४, चुंबक ८, कटरची पाती आणि फेविकॉल १०. मिळून ८० पौंड. भारतात केलं तर बासवुडऐवजी आइस्क्रीमच्या काड्या आणि बांबूचे स्क्यूअर घ्या, निम्म्याहून कमी होईल, फक्त फोम जाड आणि दाट बघून घ्या.

राहिलेलं: दारांच्या पायऱ्या, आणि न्यायला खोका. खोक्यात तीन कप्पे करा आणि चुंबकाच्या बाजू एकमेकींपासून लांब ठेवा. आमच्याकडे ट्रायलला कारच्या डिकीत दोन्ही अर्धी आपोआप सरकून एकमेकांवर आपटली, एक वरची सॅश आत पडली आणि ती अजून गॅलरीखाली कुठेतरी आहे.